भोपळा कुठलाही आणा, आधी त्याचं पाणी ओळखा

भोपळा नको म्हणणाऱ्या माणसाला एकदा नीट विचारा की बाबा नक्की काय नको, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, गिळगिळीत लागतो. आता हा गिळगिळीतपणा भोपळ्याचा नसतोच हो, तो आपण वरून ओतलेल्या पाण्याचा असतो. फोडी चिरल्या, फोडणीत टाकल्या, पेलाभर पाणी घातलं, झाकण ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागलो, हे बटाट्याला चालतं पण भोपळ्याला चालत नाही, कारण तो मुळातच पाण्याने भरलेला असतो. माझं माहेर ठाण्यात चरईला, लग्नानंतर नेरुळला आले, दोन्हीकडे भोपळा भरपूर खाल्ला जातो आणि इतकी वर्षं रांधून मला पटलेली गोष्ट एवढीच की आधी त्या भोपळ्याचं पाणी ओळखायचं आणि मग ठरवायचं की ते आटवायचं, राखायचं, की पिळून काढायचं. बाकी मसाले वगैरे नंतरचं.

अंदाज यावा म्हणून आकडे देते. १०० ग्रॅम पांढऱ्या राखी कोहळ्यात जवळजवळ ९६ ग्रॅम पाणी असतं, दुधीत साधारण तेवढंच, झुकिनी या परदेशी कोवळ्या भोपळ्यात ९५ च्या आसपास, आपल्या लाल भोपळ्यात ९१-९२ आणि बटरनट नावाच्या लांबट, फिकट बदामी भोपळ्यात ८६. वाचताना वाटतं यात काय एवढा फरक, पण पाणी सोडून उरतं काय ते बघा, कोहळ्यात ४ ग्रॅम आणि बटरनटमध्ये १४, म्हणजे तिपटीच्या वर. म्हणून बटरनटचं सूप आपोआप दाट होतं आणि तसंच सूप दुधीचं केलं की पातळ पाणी होतं, त्यात आपली काही चूक नसते.

नावांचा घोळ आधी मिटवू, कारण त्यावरून आमच्याकडे खरंच गोंधळ झालाय. ठाण्या-मुंबईकडे आपण म्हणतो तो लाल किंवा तांबडा भोपळा, वरून हिरवट-तपकिरी, आतून केशरी. काही ठिकाणी त्यालाच डांगर म्हणतात, आणि आपल्याला मात्र डांगर म्हटलं की उडदाच्या पिठाचं आठवतं. माझ्या सासूबाई अमरावतीकडच्या, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला सांगितलं की कोहळं आण, बोंडं करू, आणि मी बाजारातून पांढरा राखी कोहळा घेऊन आले, कारण आमच्याकडे कोहळा म्हणजे तोच. विदर्भात कोहळं म्हणजे लाल भोपळा! त्या दिवशी बोंडं काही झाली नाहीत, दुसऱ्या दिवशी झाली, आणि फार सुंदर झाली. शिजवलेला लाल भोपळा, गूळ, कणीक, भज्यांसारखी हाताने तेलात सोडायची. सांगायचं कारण, कुणाची रेसिपी वाचताना ती व्यक्ती कुठली आहे ते बघत जा, नाहीतर नाव एक आणि भाजी दुसरीच असं होतं.

दुसरी एक गोष्ट समजली की निम्मं काम सोपं होतं. या सगळ्या कुळात दोन प्रकारची फळं असतात, कोवळी खायची आणि जून झाल्यावर खायची. दुधी, झुकिनी, दोडका, पडवळ, ढेमसे ही कोवळी असतानाच खायची, साल मऊ, बी पांढरी आणि पिचपिचीत, घरात दोन-चार दिवसांच्या वर टिकत नाहीत. लाल भोपळा, बटरनट आणि पेठ्याचा कोहळा ही वेलावर पूर्ण जून झालेली, साल टणक, बी भरलेली, महिना-महिना टिकतात. कोवळ्यांना चव कमी आणि ओलावा जास्त, म्हणून त्यांना डाळ, कोलंबी, दूध असं काहीतरी सोबतीला लागतं. जून भोपळ्याला स्वतःची गोडी असते, त्याला सोबतीपेक्षा आंबट-तिखट लागतं. परदेशात यालाच समर स्क्वॉश आणि विंटर स्क्वॉश म्हणतात, पण विंटर म्हणजे थंडीत पिकणारा असं नाही बरं का, थंडीभर टिकणारा.

आणि हो, लाल भोपळा आपल्या इतक्या सणावारात आहे की तो इथलाच वाटतो, पण तो मूळचा अमेरिका खंडातला, पोर्तुगीज आणि त्यांच्यासारखे व्यापारी इकडे आले तेव्हा मिरची-बटाट्यासारखा तोही आला. बटरनट तर त्याचाच अगदी जवळचा भाऊ, दोघं एकाच जातीतले. दुधी आणि कोहळा मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. तंबोऱ्याचा भोपळा असतो ना, तो दुधीच्याच जातीचा, कडू, खाण्याचा नाही, मिरजेला त्याचे तंबोरे आणि सतारी बनतात.

आता बाजार. ठाण्यात जांभळी नाक्याला गेलात किंवा वाशीला एपीएमसीच्या आसपास, लाल भोपळा सहसा कापून फोडीच विकायला ठेवलेला असतो आणि ते आपल्या फायद्याचं आहे, कारण आतलं दिसतं. मी फोड हातात घेते आणि आधी बियांजवळचा भाग बघते. बिया दाट, गराला घट्ट चिकटलेल्या आणि धागे केशरी, ओलसर पण चिकट नाहीत, तर तो ताजा कापलेला. बिया सुटून लोंबायला लागल्या असतील आणि बोट लावल्यावर बुळबुळीत लागलं तर सकाळचा सुद्धा नाही, कालचा आहे, नको. मग गराचा रंग, फिकट पिवळा असेल तर तो पाणचट निघणार, आणि गर्द केशरी असून सालाखाली बारीक हिरवी रेघ स्पष्ट दिसत असेल तर घ्या. त्यानंतर सालीत नख रोवायचा प्रयत्न करायचा. नख सहज घुसलं म्हणजे कोवळा, नुसती रेघ उमटली म्हणजे जून. भाजीला थोडा कमी जून चालतो, घारग्यांना मात्र जूनच हवा. वजनाचंही बघा, दोन सारख्या फोडींमधली जड ती घ्या.

अख्खा घेणार असाल तर देठ बघा. देठ सुकून लाकडासारखा कडक झालेला आणि फळाला घट्ट चिकटलेला हवा. देठच नसेल तर त्या खड्ड्यातून सडायला सुरुवात होते. बोटाने टकटक केलं की पोकळ आवाज यायला हवा. ताजा तोडलेला भोपळा थोडा पिठूळ लागतो, तोच आठ-पंधरा दिवस ठेवला की आतल्या पिठाची साखर होते आणि गोडी वाढते, म्हणून गणपतीसाठी लागणार असेल तर आधीच आणून ठेवलेला बरा. आमच्या माहेरी अख्ख्या भोपळ्याला पहिला काप बाबा घालायचे, बायकांनी पहिला घालायचा नाही अशी पद्धत होती, मी ती पाळत नाही पण मोठा भोपळा एकटीने कापताना हात जपा एवढं मात्र सांगेन. खाली ओलं फडकं पसरा म्हणजे तो सरकत नाही, देठाच्या बाजूला सुरीचं टोक रोवा आणि मग दाब द्या. विळीवर अख्खा भोपळा धरायच्या फंदात पडू नका, विळ्या-भोपळ्याचं सख्य उगाच नाही म्हणत. आधी सुरीने चार भाग करा आणि मग विळी घ्या.

लाल भोपळ्याची रोजची भाजी सांगते, ती जमली की बाकी सगळं जमतं. अर्धा किलो भोपळा, साल काढायचं नाही, फक्त वरचे डाग खरवडायचे, कारण फोड आकारात राहते ती सालीमुळे. फोडी जरा मोठ्या, इंचभर तरी. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, ती तडतडली की पाव चमचा मेथीदाणे, आणि इथे थांबून बघायचं, मेथी बदामी झाली की लगेच हिंग, हळद, दोन सुक्या मिरच्या, कढीपत्ता. मेथी काळी झाली तर भाजी कडू, आणि मेथी घातलीच नाही तर भाजी नुसती गोड-गोड लागते. मग फोडी टाकायच्या, एकदा हलवायचं, आणि वर खोलगट ताटली ठेवून त्या ताटलीत पाणी ओतायचं. कढईत एक थेंबही नाही. वरच्या पाण्यामुळे ताटली गार राहते, आतली वाफ तिला लागून परत खाली टपकते, आणि भोपळा स्वतःच्याच पाण्यात शिजतो. बारीक गॅसवर पाच मिनिटांनी ताटली उचलून बघा, कढईच्या तळाला चमचाभर केशरी पाणी दिसेल, तेच त्याचं पाणी. आता मीठ घाला. सुरुवातीलाच मीठ घातलं तर पाणी भसकन सुटतं आणि फोडी लापशी होतात, म्हणून आता. परत तीन-चार मिनिटं झाकण, सुरी टोचून बघा, फोड अर्ध्यापेक्षा जास्त मऊ झाली की दोन आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ. आंबट आधी घातलं तर भोपळा पटकन मऊ होत नाही, बराच वेळ कच्चट राहतो, हा अनुभव चिंच घालणाऱ्या सगळ्यांनी घेतला असेल. शेवटी अर्धा चमचा गोडा मसाला आणि मूठभर ओलं खोबरं, आणि हलवताना उलथनं न घालता कढईचे कान धरून नुसती झटकायची. एवढं केलं की फोड अख्खी राहते आणि तोंडात मात्र विरघळते.

हीच भाजी उत्तरेकडची मंडळी पुरीबरोबर करतात ती बडीशेप, आमचूर घालून आणि मुद्दाम घोटून, ती पण फार छान लागते, तिथे फोडी मोडलेल्याच हव्यात. आणि केरळची एरिशेरी, भोपळा आणि चवळी एकत्र शिजवून, खोबरं-जिरं-मिरची वाटून आणि वरून तांबूस रंगावर परतलेलं खोबरं. नेरुळला आमच्या मजल्यावर एक मल्याळी चेची (म्हणजे ताई) राहतात, ओणमला त्यांच्याकडून डबा येतो, गौरीच्या जेवणाला आमच्याकडून जातो, त्यामुळे दोन्हीकडच्या मुलांना दोन्ही भोपळे आवडतात.

भरीत. हे उन्हाळ्यात कराच. भोपळ्याच्या फोडी डब्यात पाणी न घालता कुकरमध्ये ठेवायच्या, तीन शिट्ट्या, कुकरच्या तळाला पाणी पण डबा कोरडा. डब्यात जे पाणी जमेल ते गाळून ठेवा, आमटीत जाईल. गर कुस्करून पूर्ण गार होऊ द्या, हे महत्त्वाचं आहे, कारण गरम भोपळ्यात दही घातलं की ते फुटतं आणि भरिताचं रायतं होतं. मग घट्ट दही, दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर, आणि वरून हिंग-मोहरी-हिरव्या मिरचीची फोडणी. उपासाला आमच्याकडे लाल भोपळा चालतो, तेव्हा मोहरी-हिंगाऐवजी तूप-जिऱ्याची फोडणी. कूट भरपूर घाला, ते सुटलेलं पाणी शोषून घेतं, कूट नुसतं चवीसाठी नसतं.

आता घारगे, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घारगे बिघडले म्हणून सोडून दिलेल्या खूप जणी मला माहीत आहेत. दोन वाट्या किसलेला जून भोपळा, साल काढून. चमचाभर तुपावर कीस परता, त्याचा कच्चा वास जाईपर्यंत, मग पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ. गूळ घातला की सगळं पातळ होतं, घाबरायचं नाही, ते आटू द्यायचं. किती आटवायचं? उलथन्याने कढईच्या मधून रेघ ओढा, दोन्हीकडचं मिश्रण लगेच येऊन मिळालं तर अजून पातळ आहे, रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहिली की गॅस बंद. चिमूटभर मीठ, वेलची, जायफळ. कोमट होऊ द्या. मग दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, दोन चमचे तांदळाचं पीठ, आणि कणीक मावेल तेवढी, साधारण दोन वाट्या, पण मापापेक्षा हाताचं ऐका. पाणी अजिबात नाही, दूधही नाही. पुरीपेक्षा जरा सैल पण हाताला न चिकटणारा गोळा झाला की पंधरा मिनिटं झाकून ठेवा, त्याच्या वर नको. तासभर ठेवला तर गूळ पाणी सोडतो, पीठ सैल पडतं, मग आपण अजून कणीक घालतो आणि घारगे चिवट होतात. बिघडतात ते इथेच, तळताना नाही. केळीच्या पानावर किंवा तेल लावलेल्या प्लास्टिकवर जाडसर थापायचे, वर खसखस दाबायची, आणि मध्यम आचेवर तळायचे, कारण गुळामुळे ते पटकन काळे पडतात आणि आत कच्चे राहतात. वर साजूक तुपाचा गोळा. तीन-चार दिवस डब्यात आरामात टिकतात, ठाण्याहून पुण्याला जाताना आई हेच बांधून द्यायची.

ऋषीच्या भाजीत लाल भोपळा लागतोच, तिथे मात्र वेगळं सांगण्यासारखं काही नाही, अळू, सुरण, मक्याचं कणीस, भेंडी, पडवळ यांच्यात तो दाटपणा आणतो, म्हणून तो शेवटी घाला म्हणजे पूर्ण विरघळणार नाही.

दुधी. कापल्यावर पहिलं काम, एक छोटा तुकडा कच्चा चावून बघायचा. कडू लागला तर थुंकून टाका, चूळ भरा आणि तो दुधी सरळ फेका, पैसे गेले तर गेले. या कुळातल्या भाज्यांमध्ये कुकरबिटासिन नावाचा कडू पदार्थ असतो, चांगल्या दुधीत तो नगण्य असतो पण एखाद्या दुधीत खूप वाढलेला निघतो, आणि तो शिजवून जात नाही, साखर-मीठ घालूनही जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन लोकांना उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्या आणि काही जणांचा मृत्यू सुद्धा झालेला आहे, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने यावर समिती नेमून कडू रस अजिबात पिऊ नका असं स्पष्ट सांगितलं होतं. माझ्याकडून एकदा चव बघायची राहिली, गडबडीत भाजी टाकली, पहिल्या घासालाच नवऱ्याचं तोंड वाकडं झालं आणि सगळी कढई ओतून दिली, तेव्हापासून मी तुकडा चाखल्याशिवाय दुधी चिरत नाही. जे सकाळी कच्चा रस पितात त्यांनी तर हे रोज करायलाच हवं, आणि पिऊन झाल्यावर मळमळ सुरू झाली तर घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टरकडे. झुकिनीलाही हाच नियम.

घेताना दुधी फिकट पोपटी, सालीवर बारीक लव असलेला, नख सहज रुतणारा. हातात घेऊन हलक्या हाताने दाबल्यावर आत पोकळ वाटत असेल तर कापूस झालेला असतो.

दुधी-चणाडाळ तर घरोघरी होते, त्यात एकच सांगेन, डाळ तासभर भिजवून आधी फोडणीत परता आणि तिला अर्धी शिजवून घ्या, दुधी नंतर. दोन्ही एकदम टाकले की दुधीचा गाळ होतो आणि डाळ दाताखाली येते. दुधीचं पाणी डाळ पिऊन टाकते, म्हणून ही जोडी जमली आहे. आणि खाणाऱ्यांसाठी दुधी-कोलंबी. कोलंबीला हळद, मीठ, आलं-लसूण लावून ठेवा, कांदा परतून त्यात दुधीच्या चौकोनी फोडी, मसाला, झाकणावर पाणी, दुधी पारदर्शक दिसायला लागला की कोलंबी आणि आमसूल, आणि पुढे चार-पाच मिनिटांच्या वर नाही, कोलंबी रबर होते. कोलंबी नसेल तर सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, भिजवून घाला, पावसाळ्यात तेच. कोलंबीचा रस दुधी असा काही ओढून घेतो की ताटात लोक कोलंबी ठेवून दुधी आधी खातात.

दुधी हलव्याचं पाणी पिळायचं की नाही यावर वाद असतात. मी हलकं पिळते, पूर्ण कोरडा करत नाही, आणि निघालेलं पाणी थालीपिठाच्या पिठात घालते. कीस काळा पडतो म्हणून दूध उकळायला ठेवूनच किसायला घ्या. तुपावर परतून घ्या, मग दूध, आणि साखर अगदी शेवटी, दूध आटल्यावर, कारण साखरेने परत पाणी सुटतं आणि आटवण्याचा वेळ दुप्पट होतो. सालं फेकू नका, बारीक चिरून तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परता, तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ, झाली चटणी.

कोहळा आपल्या लोकांनी दारावर दृष्टीसाठी बांधायला ठेवलाय आणि स्वयंपाकात विसरलेत, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याच्या सालीवर जी पांढरी राख दिसते ते मेण असतं, त्यामुळे तो कितीतरी महिने टिकतो, ती राख पुसून टाकू नका. चव जवळजवळ नाहीच, पण हीच त्याची ताकद, ज्यात घालाल त्याची चव घेतो. चेचींनी शिकवलेलं ओलन सांगते, कोहळ्याचे पातळ चौकोनी काप, शिजलेली लाल चवळी, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, मीठ, थोड्याशा पाण्यात मऊ करायचं, मग दाट नारळाचं दूध, ते घातल्यावर उकळायचं नाही, गॅस बंद करून कढीपत्ता आणि दोन चमचे कच्चं खोबरेल. संपलं. फोडणी नाही, हळद नाही. पहिल्यांदा मला वाटलं होतं की हे बेचव लागणार, पण गरम भाताबरोबर खाल्लं आणि दुसऱ्या आठवड्यात परत केलं. सांबारातही कोहळा सुंदर लागतो, वाशी-नेरुळच्या दक्षिणी दुकानांत त्याचे कापलेले तुकडे मिळतात, अख्खा पाच किलोचा घ्यायची गरज नाही.

कोहळ्याच्या बाबतीत पाणी पिळायचंच. सांडग्यांसाठी किसून, घट्ट पिळून, भिजवून जाडसर वाटलेल्या उडदाच्या डाळीत मिसळायचा, हिरवी मिरची, हिंग, जिरं, मीठ, आणि प्लास्टिकवर छोटे-छोटे सांडगे घालून कडक उन्हात वाळवायचे. गच्ची नसेल तर गॅलरीत दुपारचं ऊन येतं तिथे ताट ठेवलं तरी एप्रिलमध्ये चार दिवसांत वाळतात. पीठ मळायला किंवा वाटायला वेगळं पाणी घेऊ नका, पिळलेलंच वापरा. पेठा मात्र विकतचाच बरा, त्याला चुन्याच्या निवळीत भिजवून कडक करावं लागतं तेव्हा तो कुरकुरीत होतो, घरी ती मेहनत परवडत नाही.

बटरनट आता मॉलमध्ये, ऑनलाइन सगळीकडे दिसतो, लांबट, फिकट बदामी, खाली फुगलेला. मान लांब असलेला घ्या, बिया फक्त खालच्या फुगीर भागात असतात, मान सगळी गर. पाणी कमी असल्यामुळे याला भाजणं मानवतं, उभा चिरून, तेल-मीठ लावून ओटीजीत, म्हणजे छोट्या ओव्हनमध्ये, २०० डिग्रीवर ३५-४० मिनिटं, कडा तपकिरी होईपर्यंत. मग तो चमच्याने काढून सूप करा, पराठ्यात घाला, नुसता लिंबू-तिखट लावून खा. ओटीजी नसेल तर जाड काप करून तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी, वांग्याचे काप करतो तसेच. घारग्यांना वापरलात तर कणीक कमी लागते आणि गूळही कमी, रंग असा येतो की विचारू नका. आपली झाकणावरच्या पाण्याची भाजी याची करायची असेल तर कढईत दोन चमचे पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर तळाला लागतो.

झुकिनी आमटीत घालू नका, वाया जाते. मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, लोखंडी कढईत, लसूण आणि मिरपूड, दोन-तीन मिनिटं, मीठ उतरवताना. झाकण ठेवलंत की तिचा दुधी झाला म्हणून समजा. परदेशी व्हिडिओत दिसतो तो स्पगेटी स्क्वॉश, त्याचा गर शिजल्यावर शेवयांसारखा सुटतो, आणि जपानी काबोचा रताळ्यासारखा कोरडा-गोड असतो, कुठे मिळालेच तर काबोचा घारग्यांना, स्पगेटीवाला फोडणीच्या शेवयांसारखा.

टिकवायचं म्हटलं तर अख्खा लाल भोपळा ओट्याखाली नको, तिथे दमट असतं, हवेशीर कोपऱ्यात कागदाच्या चुंबळीवर देठ वर करून ठेवा, दोन महिने सहज जातात, पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत मात्र दर आठवड्याला उचलून बूड दाबून बघा. कापलेली फोड ठेवायची तर आधी बिया आणि धागे खरवडून काढा, सडायला सुरुवात तिथूनच होते, मग सुक्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. शिजवलेला गर वाटी-वाटीच्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये ठेवला तर घाईच्या दिवशी घारगे होतात. बिया धुऊन, उन्हात वाळवून, मंद आचेवर भाजून सोलून खा, बाजारात सोललेल्या वाटणाऱ्या ज्या हिरव्या बिया मिळतात त्यातल्या काही तर टरफलच नसलेल्या वेगळ्या भोपळ्याच्या असतात, म्हणून आपल्या बिया तशा दिसल्या नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका.

आणि पावसाळ्यात येऊरकडून, मुरबाड-शहापूरकडून बायका टोपल्या घेऊन येतात तेव्हा रानभाज्यांच्या बाजूला भोपळ्याच्या फुलांची जुडी दिसते, ती सोडू नका. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत फुलं मिटून मलूल होतात. लांब बारीक देठाची असतात ती नरफुलं, भज्यांना तीच, देठाशी छोटा भोपळा धरलेला असेल ते मादीफूल, ते वेलावर राहिलं तर त्याचा भोपळा होतो. फूल हळूच उघडून आतला पिवळा दांडा काढा, मुंगी-किडा झटका, धुऊ नका, फार तर ओल्या फडक्याने पुसा. बेसन, चमचाभर तांदळाचं पीठ, ओवा, तिखट, मीठ, पीठ इतकं पातळ की फुलाची घडी दिसली पाहिजे. तेल चांगलं तापलेलं, फूल देठाला धरून पिठात बुडवायचं, वाटीच्या काठाला निथळवायचं आणि सोडायचं. एका वेळी चार-पाचच, आणि तळणाऱ्याने पहिलं स्वतः खायचं.